आवाजाचा रकाना

संग्रहालयात कापूस भरलेले पक्षी सांभाळणाऱ्या चिठ्ठीकाकांनी एकतीस वर्षं पर्ण-वटवट्या नावाच्या पाखरांशी डोकेफोड केली. चिमणीहून लहान, हिरवट, डोळ्यावर फिकट रेघ. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. काका पंखांची पिसं मोजून जात ठरवायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायचे. त्यावर ब्र काढायची कोणाची टाप नव्हती.

निवृत्तीला आठवडा उरला असताना त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी त्यांना मोबाइलवर दोन वटवट्यांचे आवाज ऐकवले. "काका, आपण एकच जात समजत होतो, त्या दोन वेगळ्या जाती निघाल्या. पिसं तीच, मापं तीच, फरक फक्त आवाजात. आपल्या चारशे पक्ष्यांचं काय करायचं?"

"मेलेलं पाखरू आता गाऊन दाखवणार आहे का?" काका खेकसले.

"चिठ्ठीवर आवाजाची काही नोंद आहे?"

काकांनी खण ओढला. हे पक्षी त्यांनीच जाळं लावून धरले होते आणि जाळ्यात येण्याआधी प्रत्येकाला झुडपात ओरडताना ऐकलं होतं. ती झुडपंही आता उरली नव्हती. प्रत्येक चिठ्ठीवर 'आवाज' असा रकाना होता. त्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात चारशे वेळा एकच शब्द होता: 'नेहमीचाच'.