भिजत घातलेली बादली

"काढा तो शर्ट," बायको म्हणाली.

"उद्याचा दिवस जाईल की अजून."

"तुमच्या नाकाला जाईल. माझ्या नाही जात."

मी लहान पोरासारखे हात वर केले. तिनं शर्ट डोक्यावरून ओढला आणि बादलीत कोंबला. आत तिचा गाऊन होता, उशांचे अभ्रे होते, माझी बनियनं होती. पावडर तिनं आमटीत मीठ टाकावं तशी चिमटीनं टाकली. मी पाणी ओतलं, तिनं हातानं ढवळलं आणि वर जुनं ताट पालथं घातलं. सकाळी धुवायचं म्हणून. सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ती बादली.

आमचं घर नावड्याला, एक खोली आणि स्वयंपाकघर. मी जन्म घालवला कळंबोलीच्या लोखंडाच्या बाजारात. ग्रीस आणि गंज अंगावर घेऊन घरी यायचो. ते कपडे हिनं रॉकेल लावून, दगडावर आपटून काढले. कधी बाहेर दिले नाहीत. इस्त्रीला सुद्धा नाही. घडी घालून गादीखाली ठेवायची, आम्ही वर झोपायचो, सकाळी कडक. विसळलेलं पाणी संडासाला, त्याच्या आधीचं फरशीला. असं करत करत तिनं घर उभं केलं. शिकलेली नव्हती, मी पण नाही. पण पैसा कुठून गळतो ते तिला दिसायचं.

मग बिल्डिंगखाली लाँड्रीचं दुकान झालं. किलोवर कपडे. हुकाचा काटा घेऊन पिशवी लटकवायची, आकडा बघायचा. लोक रांग लावून द्यायला लागले, चड्ड्यासुद्धा. मला किळस यायची. सगळ्या बिल्डिंगचे कपडे एकाच मशीनच्या पोटात फिरतात, कुणाची चड्डी आणि कुणाची टोपी. वर तो अत्तरासारखा वास मारून देतात. लिफ्टमध्ये सगळ्यांच्या अंगाला एकच वास. पोरगा वाशीला राहतो, तो म्हणाला, "आई, महिन्याचं पॅकेज लावून देतो." ही म्हणाली, "किलोवर द्यायला कांदे आहेत का ते? आपला मळ आपण काढावा."

ती गेली आणि घर भरलं. पोरगा आला, सून आली, गावाहून हिची थोरली बहीण आली. तिला सगळे आक्का म्हणतात. ती आल्या आल्या मोरीत गेली, ताट उचलून बघितलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, "दहावं झाल्याबिगर साबणाला कुणी हात लावायचा नाही. सुतक हाय."

"मग त्या बादलीचं?" मी विचारलं.

"तशीच राहू दे. न्हाईतर टाकून द्या. गेलेल्या माणसाचं भिजवलेलं कोण धुतंय, पाव्हणं?"

"मी धुणार," मी म्हणालो.

आक्कानं तोंड वाकडं केलं. पण टाकायला मी दिली नाही, आणि धुवायला तिनं दिली नाही. बादली तिथंच राहिली.

उन्हाळ्याचे दिवस. तिसऱ्या दिवशी वास सुटला. तळोज्याच्या कारखान्यांचा वास आम्हाला रोजचा आहे, त्याला नाक मेलंय. हा वास वेगळा होता. आंबलेलं ताक आणि मेलेला उंदीर एकत्र केल्यासारखा. मोरी एकच, माणसं भरपूर. जो तो नाकाला पदर नाहीतर रुमाल लावून आत जायचा आणि बाहेर येऊन माझ्याकडं बघायचा. भेटायला येणारे पाणी न पिताच उठायचे. सुनेनं मोरीत उदबत्ती लावली. त्यानं आणखी घाण झाली, देवळात उंदीर मेल्यासारखी.

"बाबा, तुम्हाला वास येत नाही का?" पोरगा एकदा ओरडलाच.

"येतो. मला काय नाक नाही?"

"मग टाकू द्या ना. आईचे एवढे कपडे आहेत कपाटात."

"ते धुतलेले आहेत," मी म्हणालो. त्याला कळलं नाही. कपाटातल्यांचं काम तिनं पुरं केलं होतं. हे अर्धं राहिलं होतं, आणि त्या अर्ध्यात मी होतो. पाणी मी ओतलं होतं.

दहावं झालं. संध्याकाळी पोरानं लाँड्रीवाल्याला वर बोलावलं. सगळ्यांच्या कपड्यांचं चादरीत गाठोडं बांधलं होतं. त्यानं ते काट्याला लावलं. मग पोरगा मोरीत गेला आणि बादली घेऊन आला.

"ये भी ले लो."

"ती बादली काट्याला लावायची नाही," मी म्हणालो.

लाँड्रीवाल्यानं ताट उचललं आणि लगेच ठेवलं. "नहीं अंकल, ये मशीन में नहीं डालेगा मैं. दूसरे का कपडा खराब होगा."

दुसऱ्याचा कपडा खराब होईल! जन्मभर हिनं ज्यांच्या मळात आपला मळ मिसळू दिला नाही, त्यांना आता हिची घाण वाटायला लागली. मी त्याला शिवी दिली. त्याची काही चूक नव्हती. तो गाठोडं उचलून गेला.

"सकाळी कचऱ्याची गाडी येते," पोरगा म्हणाला. "मी स्वतः नेऊन टाकतो. बस झालं, बाबा."

आक्का म्हणाली, "शहाणं पोरगं हाय."

सकाळी नळ आला तसा मी उठलो. मोरीत पाट टाकून बसलो आणि ताट काढलं. वर बुळबुळीत साय धरली होती. हात घातला आणि मला ओकारी आली. बायकोच्या कपड्यांची मलाच ओकारी आली. बेसिनमध्ये ओकलो, चूळ भरली, परत येऊन बसलो.

काळं पाणी संडासात ओतलं. माझा शर्ट आधी घेतला, मग बनियनं. साबणाची वडी घासून घासून बोटं दुखली. आक्का दारात आली, बघून गेली.

खाली गाडीचं गाणं वाजायला लागलं. पोरगा काळी पिशवी घेऊन आला.

"बाबा, गाडी आली."

"अभ्रे ने," मी म्हणालो. "ते फाटलेत."

त्यानं चिमटीत धरून अभ्रे पिशवीत टाकले. "आणि गाऊन?"

"गाऊन राहू दे."

त्यानं पिशवीला गाठ मारली. मग खाली गेला.

गाऊन मी तीन पाण्यांतून काढला. नाकाजवळ धरला. वास होताच. बादली ओतून टाकली आणि परत नळाखाली लावली.