पाणी डोळ्यांना, झाड पाठीला

मार्गशीर्षातली दुपार कलली की आमच्या जळगावात कुठून कुठून भाजल्या वांग्याचा वास येऊ लागतो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा तो किंचित गोडसर, किंचित कडवट धूर गल्लीतून वळसा घेत माझ्या खिडकीपाशी येतो, आणि मी, साठी उलटलेली, चारचौघांत शहाणीसुरती म्हणवणारी बाई, दातओठ खाते. त्या वासाने इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला आठवतात भास्करभाऊजी.

भाऊजी म्हणजे ह्यांचे जिवलग मित्र. दर हिवाळ्यात आम्ही पाच-सहा घरं मिळून गावाबाहेर पाण्याकाठी, रानाच्या सावलीला तंबू ठोकायचो, काड्यांच्या जाळावर मोठाली हिरवी-पांढरी वांगी भाजायचो आणि लाकडी बडगीत, त्या खोलगट उखळीत, ती मिरची-लसणासह ठेचून भरीत करायचो. मंडळाचं नावच 'भरीत मंडळ'. मुक्कामाची जागा निवडायचं काम ह्यांचं, आणि त्या कामाचा एक मान होता : जाळातून निघालेलं पहिलं वांगं जागा निवडणाऱ्याचं. ते त्याने अख्खं संपवल्याशिवाय दुसऱ्या कुणी भाकरी मोडायची नाही, असा आमचा दंडक.

दिवाळी सरली की रविवारी आम्ही दोघं मोटारसायकलवरून जागा धुंडाळत हिंडायचो. पद्मालयाच्या रानात गेलो, तिथे सावली दाट, पण माकडं पिशवीत हात घालायची. धुळ्याकडच्या कुरणांत सोनेरी गवताचा नुसता सागर, पण प्यायला पाण्याचा टिपूस नाही. एखाद्या तळ्याच्या काठी मी हरखून म्हणायची, इथेच राहू या, आणि हे चपला काढून ओल्या मातीवर उभे राहायचे, बोट ओलं करून वारा बघायचे, मग मान हलवायचे. "पाणी डोळ्यांना, झाड पाठीला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाणी लांबून दिसावं. मुक्काम मात्र उंचवट्यावर, झाडांच्या पोटात. सूर्य बुडाला की सातपुड्यावरची थंडी उतारावरून घरंगळत येते आणि तळ्याच्या काठाशी बसून राहते, दव तंबूतून ठिबकतं, काड्या ओलावतात, धूर वर जायचा सोडून जमिनीसरसा लोळतो, हे सगळं त्या वाक्यात होतं. मी मागे बसून ऐकायची, पदर सावरत.

गेल्या वर्षीच्या श्रावणात हे गेले. त्या हिवाळ्यात मी वाट पाहिली. जायची इच्छा होती असंही नाही, पण कुणी विचारावं तरी! ह्यांचा फोन मी रोज चार्ज करून ठेवत असे, मंडळाच्या गप्पा त्यात यायच्या, तेवढीच घरात वर्दळ. एका सकाळी पडद्यावर ओळ दिसली, की भास्करभाऊजींनी ह्यांना ग्रुपमधून काढून टाकलं आहे. ना फोन, ना चौकशी. चार दिवसांनी भाजीबाजारात कुणीतरी सांगितलं, मंडळ जाऊन आलं, भरीत फक्कड झालं होतं. मेथीची जुडी हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. रडू आलं नाही. मनात म्हटलं, थांबा भाऊजी, उट्टं काढल्याशिवाय राहायची नाही मी.

आणि देवाच्या मनात तरी काय असतं बघा, यंदा भाऊजी आपण होऊन दारात आले. गेल्या वर्षीच्या जागेला कुणीतरी तारेचं कुंपण घातलं होतं. खाली मान घालून त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला, म्हणाले, "वहिनी, त्याने एखादी नवी जागा पाहून ठेवली असेल ना?"

होती. सातपुड्याच्या पायथ्याचा एक लहानसा तलाव, पलीकडे सागाचं नि पळसाचं रान, मध्ये उंचवटा; ह्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी पसंत केलेली, मंडळाला अजून न दाखवलेली. मी रस्ता सांगितला, वळणावरचं मोहाचं झाड सांगितलं, आणि म्हणाले, "अगदी पाण्याला लागून उतरा, भाऊजी. संध्याकाळी तळं असं काही दिसतं, की डोळ्यांचं पारणं फिटतं." यातला एक शब्द खोटा नव्हता. ह्यांच्या वाक्याचं दुसरं अर्धं मात्र मी गिळून टाकलं, आणि पाप लागलं तर लागो म्हणून त्यांना वर आणखी एक लाडू वाढला. तुम्हीही चला, असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

मंडळ मुक्कामाला गेलं त्या दिवशी मी मुद्दाम गच्चीवर जाऊन बसले. पश्चिमेचा तांबडा उजेड विझत गेला, तारेवरचे कपडे गार झाले, आणि उत्तरेकडून ती ओळखीची थंडी घोट्यांना लागली तसा माझ्या जिवाला असा काही गारवा वाटला म्हणून सांगू! आता तंबू गळत असतील, आता काड्या नुसत्या धुमसत असतील, आता भाऊजी डोळे चोळत असतील. बसा म्हणावं! खोडी काढून पोरीबाळी हसतात तशी मी एकटीच हसले.

सकाळी फाटक वाजलं. भाऊजींची बायको इंदू आत आली. अमळनेरकडच्या खेड्यातली, जिभेवर अजून तिकडचीच बोली. डोळे धुराने लाल, अंगाला ओल्या राखेचा वास. "अक्का, बठ्ठं वल्लं व्हई गयं!" असं सगळं ओलं झाल्याचं सांगत तिने पदराखालून केळीच्या पानाची पुडी काढली. "हाई तुमना नावनं शे. पहिलं वांगं."

मी पुडी उघडली. वांगं थंडगार, एका अंगाने करपलेलं, दुसऱ्या अंगाने कच्चं.

"मंडळी जेवली का गं?"

ती फाटकाकडे बघत सांगू लागली. बाकीच्यांनी अर्धंकच्चं खाऊन घेतलं होतं. भाऊजींनी भाकरीला हात लावला नव्हता. जागा वहिनींनी निवडली, पहिलं वांगं त्यांचं, एवढंच म्हणाले आणि रात्रभर विझत्या जाळापाशी बसून राहिले. आता ते फाटकाबाहेर उभे होते, कानटोपी हातात चुरगाळत, आत न येता.

मी पायरीवरच बसले आणि खायला लागले. सावकाश, चांगलं सावकाश. उपाशी माणसाला कळू दे की वाट पाहणं म्हणजे काय. वांग्याचा कच्चा गाभा जिभेला खाजत होता तरी मी सोडला नाही. भाऊजी माझ्या हाताकडे बघत होते, अगदी तसेच, जसे दरवर्षी ह्यांच्या हाताकडे बघत, मध्येच थट्टा करत, की आटप रे बाबा लवकर. आज थट्टा करायला कुणी नव्हतं. ह्यांच्या जागी मी बसले होते, आणि भाऊजींच्या डोळ्यांतलं पाणी धुराचं होतं की कशाचं, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

बघता बघता एकच घास उरला. तो खाल्ला की भाऊजी जेवायला मोकळे. पण वर्षभर ज्या रागाच्या उबेने मी या रिकाम्या घरात निभावलं, तोही मग संपला, आणि उद्या सकाळी उठून मी कुणावर दातओठ खायचे? इंदू आत जाऊन चहाचं आधण ठेवत होती. फाटकाबाहेर ते उभे होते, आणि मी तो शेवटचा घास बोटांत धरून बसले होते.