ठोका चुकतोय

सुभाष रोडवरच्या बांगडीवाल्या मीनाक्षीअक्काचा उभा जन्म वाट बघण्यात गेला. घरच्या कुणाला यायला जरा उशीर झाला, की ही उंबऱ्यात उभी! "काळजाचा ठोका चुकला की रे!" हे ऐकून ऐकून घरच्यांचे कान किटले होते.

यंदा छातीत कफ भरला. ताप, खोकला गेला, पण अक्काचं पालुपद सुटेना. "ठोका चुकतोय रे."

"आता आणि कुणाची काळजी, अव्वा?" मुलगा प्रवीण हसला. डॉक्टरचं नाव कुणी काढलं नाही. तिलाही वाटलं, कुणीतरी यायचं राहिलं असणार.

जेवण वाढताना तिनं एकेक चेहरा न्याहाळला. मुलगा, सून, नाती, सगळी ताटावर होती. तरी छातीत एक ठोका पडे, दुसरा हरवे, तिसरा धावत येई.

यायचं कुणीच राहिलं नव्हतं. जायचं कोण राहिलंय, ते तिला कळलं.