पहिला घाव घरच्या माणसाचा

नाना सोनार गेल्याचा निरोप जळगावहून आला, तेव्हा मी शिंदखेड्याला आमच्या ओट्यावर नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडत बसले होते. कानबाई देवीचा सण तोंडावर आलेला. निरोप आणणारा माणूस अजून पायरीवरच होता, तोच आमच्या घरच्यांनी, माझ्या नवऱ्यानं, विचारलं, "आणि हार?" मला असा संताप आला की हातातलं सूप मी जमिनीवर आपटलं. माणसाची राख निवली नाही आणि यांना हार सुचतोय! पण खरं सांगायचं तर तोच प्रश्न माझ्याही ओठांवर आला होता... नाना नाहीत, तर आता तो हार कोण सांभाळणार?

हा हार म्हणजे आमच्या पाटील घराण्याचं नाव. माझ्या आजेसासूबाईंनी एका दुष्काळात अंगावरचं सगळं सोनं मोडून गावाला जोंधळा वाटला, ही गोष्ट तापीकाठी आजही सांगतात. ते सोनं नानांच्या वडिलांच्या दुकानात मोडलं गेलं. त्यांचा हात काही उचलेना, तेव्हा आजेसासूबाईंनीच हातोडी मागून घेतली आणि प्रत्येक दागिन्यावर पहिला घाव स्वतः घातला. मागे ठेवला तो एकच हार, पदकात आठ पाकळ्यांचं कमळ असलेला, आणि तो कानबाईचा म्हणून. श्रावणातल्या एका रविवारी नारळाला डोळे आणि नथ लावून आम्ही देवी बसवतो, तिच्या गळ्यात तो पडायचा. त्या दिवसापासून नानांच्या दुकानात रीतच पडली... दागिना मोडायचा तर पहिला घाव घरच्या माणसाचा. या रीतीपायी किती गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली असतील! नाना म्हणायचे, जाऊ द्या.

पुढे आमच्या घरात वाटण्या झाल्या. थोरले भाऊजी आणि आमच्या घरचे, दोघं सख्खे भाऊ, पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून असे भडकले की एकमेकांच्या घरचं पाणीही वर्ज्य झालं. शेत वाटलं, भांडी वाटली, राहिला हार. तो कोणाकडे ठेवायचा यावर एकमत होईना, म्हणून मोडून सोनं निम्मं निम्मं करायचं ठरलं. कानबाईचा दागिना पेटीतून बाईच्याच हातून निघायचा, म्हणून मलाही जळगावला नेलं. गाडीत दोघं भाऊ दोन टोकांना आणि मधे मी, मांडीवर पेटी घेऊन. देवीचं सोनं मोडायला आपण निघालोय, या विचारानं मी पेटीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. हार डोळ्यांना लावला, ऐरणीवर ठेवला आणि छिन्नी-हातोडी पुढे केली. "मोडानं शे ना? मंग पहिला घाव घरना मानूसना. आमना दुकाननी रीत शे." भाऊजींनी हातोडी घेतली, पण ती वर काही उठेना. "हात नाही उचलत ना?" असं म्हणत आमच्या घरच्यांनी हातोडी हिसकली आणि रागाच्या भरात घाव घातला. कमळाची एक पाकळी तुटून माझ्या पदराशी येऊन पडली. नानांनी ती उचलून कागदाच्या पुडीत बांधली. मग हारावर पंजा ठेवला आणि सोनारानंच कान टोचावेत तसे दोघांचे कान टोचले. "तुमनी आजीना हात गावसाठे उठना व्हता. तुमना कशासाठे उठना?" आजीचा हात उठला तो गावासाठी, यांचा भावावरच्या रागापायी. हार परत नेणंही शक्य नव्हतं, एकाच्या हाती तो दुसरा जाऊ देईना. शेवटी नाना हार आपल्याकडे ओढत म्हणाले, "मन्हाजोडे ऱ्हाऊ द्या. मोडानं व्हयी तरी दोन्ही संगे या, सांधानं व्हयी तरी संगे या. एकटा ऊना, तर मी देवाव नई." एकटा आला त्याला हार मिळणार नव्हता.

त्यानंतर दर श्रावणात नाना स्वतः पेटी घेऊन शिंदखेड्याला यायचे. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, म्हणून आमच्या घरचा घासही न घेता ओट्यावर बसून राहायचे. सोमवारी विसर्जनाआधी हार घेऊन परत जायचे. पाकळीची रिकामी जागा मला बघवत नसे, मी तिथे शेवंतीचं फूल खोवायची. लगेच ओट्यावरून आवाज यायचा, "फूल काढ, माय. दिखू दे." दोघा भावांनी ते भगदाड बघावं असंच त्यांच्या मनात होतं. देवी दोघांची एकच, म्हणून तेवढ्यापुरते भाऊ एकत्र यायचे, बघायचे, माना खाली घालायचे, आणि आपापल्या चुलीवर वेगळा रोट भाजायचे.

गाव काय गप्प बसतं! 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण लोक नानांच्या तोंडावर म्हणायचे. नानांनी सोनं केव्हाच बदललं असेल, अशी कुजबुज भाऊजींच्या कानी गेली आणि एका श्रावणात त्यांनी धुळ्याहून दुसरा सोनार आणवला. देवीपुढे, भाऊबंदांसमोर कसोटी लागली. नाना भिंतीला टेकून बसलेले, चेहरा दगडासारखा. मी मनात कानबाईचा धावा करत होते. हार खोटा निघाला तर घराण्याची अब्रू जाणार होती, आणि खरा निघाला तर या माणसाची झालेली विटंबना कोण भरून देणार होतं? धुळ्याच्या सोनारानं कसोटीवरची रेघ उजेडात धरली आणि मान डोलावली. सोनं तेच होतं. नाना सोमवारी नेहमीसारखे हार घेऊन गेले. मला त्या दिवशी सगळ्या घराचीच चीड आली.

गेल्या वर्षी जाताना ते पायरीवर दम खात थांबले. म्हणाले, "माय, मन्हा जीव त्या पाकळीमा अडकेल शे." मी त्यांना पाणी दिलं... तीच आमची शेवटची भेट.

ते गेल्यावर त्यांच्या मुलानं, केशवनं, निरोप धाडला की रीत बदलणार नाही, दोघं संगे या. मी इतक्या वर्षांचा रुसवा गुंडाळला आणि भाऊजींच्या दारात गेले. म्हटलं, "तो माणूस चोर ठरायला तयार झाला, पण हार मोडू दिला नाही. आता तुम्हाला गाडीत बसायला जड जातंय?" ते उठून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी स्टेशनवर फलाटाच्या पार टोकाला उभे दिसले.

दुकानात नानांची गादी रिकामी होती. केशवनं पेटी उघडली, गुलाबी कागदाची पुडी सोडली. आत ती पाकळी होती, कालच घासल्यासारखी लखलखीत. सांधा जुळवायला दिव्याची ज्योत फुंकणीनं वळवावी लागते. ती फुंकणी केशवनं भाऊजींपुढे धरली. "नाना सांगी गयात. घाव घरना व्हता, फुंकबी घरनीच पाहिजे." भाऊजींना दमा. दोन फुंका मारल्या आणि खोकल्याची उबळ आली. ज्योत हलली, पाकळी सरकली. आता सगळंच बिघडतं की काय म्हणून माझा जीव टांगणीला. तेवढ्यात आमच्या घरच्यांनी त्यांच्या हातातली फुंकणी घेतली आणि ज्यांच्या घरचं पाणी इतकी वर्षं वर्ज्य, त्यांची उष्टी फुंकणी पुसायचंही भान न ठेवता तोंडाला लावली. सांधा बसला, जरा वाकडाच. भाऊजी भिंतीकडे तोंड करून रडत होते.

यंदा रोट एकाच चुलीवर भाजला. देवीला हार घालताना सवयीनं माझा हात शेवंतीकडे गेला आणि तसाच थांबला. ओट्यावरून कोणी हाक मारली नाही. मी फूल तबकात परत ठेवलं.