भावाच्या हातचा वस्तरा

गेंचोनं वस्तरा चालवायला शिकायचं मनावर घेतलं तेव्हा लोम नदीकाठच्या आमच्या गावाला हसावं की दारं लावून घ्यावीत तेच कळेना. चाळिशीला टेकलेला माणूस, जन्मभर दर शनिवारी पेनो न्हाव्यापुढे गाल फुगवून बसलेला. त्याला आता दाढी करायला शिकायचं होतं, आणि तीही स्वतःची नव्हे, रांगेलची. रांगेल म्हणजे त्याचा धाकटा सख्खा भाऊ. दोघांमध्ये तीन वर्षं शब्द नव्हता.

भांडण द्राक्षमळ्याचं. बाप गेला तेव्हा रांगेल पलटणीत होता. तो परत येईपर्यंत गेंचोनं उन्हाचा उतार स्वतःकडे घेतला आणि सावलीतला, मेला दगडाळ, त्याच्यासाठी ठेवला. त्यावरून मळ्यातच जुंपली, आणि गेंचोच्या हातातला छाटणीचा कोयता रांगेलच्या कानाला चाटून गेला. गेंचो म्हणे, मी वेल छाटत होतो, हाच मधे आला. रांगेल म्हणे, माझ्या कानाएवढी उंच वेल आख्ख्या मळ्यात नाही. गावानं रांगेलचं खरं धरलं. गावाला काय, दुसऱ्याच्या घरातलं भांडण फुकटात मिळतं.

आता रांगेलचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाच्या सकाळी नवरदेवाची दाढी भर अंगणात भाऊ करतो, भाऊ नसेल तर मित्र. रांगेलनं मित्र ठरवूनही टाकला होता. पण त्यांची आई, म्हातारी नेदा, हटून बसली. सख्खा भाऊ जिवंत असताना माझ्या पोराच्या गळ्याला परका हात लागणार असेल तर मी लग्नाला पाऊल टाकणार नाही, असं तिनं दोघांनाही स्वतंत्रपणे ऐकवलं. तिचा हिशेब सरळ होता. एकानं मान पुढे करायची, दुसऱ्यानं ती जपायची, आणि एवढं झालं की कोयत्याचं भूत उतरलं. मरायच्या आत तिला तेवढं बघायचं होतं. बापाचा जुना वस्तरा तिनं पेटीतून काढला आणि गेंचोच्या पुढ्यात ठेवून निघून गेली. आईला नाही म्हणायची गेंचोची छाती नव्हती.

तो पेनोकडे गेला. पेनोच्या जिभेला हाड कधी नव्हतंच, त्यात दुकानात चार माणसं बसलेली.

"आधी भोपळा," पेनो म्हणाला. "भोपळ्याला भाऊ नसतो, म्हणून तेवढाच तुझ्या हाती देतो."

माणसं पोट धरधरून हसली. गेंचोनं दात-ओठ खात भोपळ्याला साबण फासला. पहिल्याच हाताला साल निघाली. पेनोनं मग शिव्या देत देत शिकवलं: वस्तरा मुठीत धरायचा नाही, बोटांत धरायचा. अंगठ्यानं कातडी ताणायची. पातं गालावर जवळजवळ आडवं ठेवायचं, उभं केलंस की मेलास. आणि चामोट्यावर, म्हणजे धार लावायच्या चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे करून घासायचा, धार पुढे करून नाही. हे शेवटचं सांगून होईपर्यंत गेंचोनं पेनोच्या चांगल्या चामोट्याला हातभर चीर पाडली होती. पेनोनं त्याला हाकलून दिलं आणि पुन्हा पायरी चढलास तर तंगडं मोडीन म्हणाला.

उरलेलं गेंचो घरीच शिकला, स्वतःच्या तोंडावर. रोज सकाळी खिडकीत आरसा टेकवायचा, गरम पाणी घ्यायचा, फेस काढायचा आणि स्वतःला सोलायचा. हनुवटीच्या खळग्यात तर धार हटकून घुसे. तुरटी फिरवली की डोळ्यांत टचकन पाणी येई. त्याची बायको दोना सासूच्या नावानं बोटं मोडायची आणि नवऱ्यालाही सोडायची नाही. हे तोंड घेऊन मळ्यात उभा राहिलास तर पाखरं हाकलायला बुजगावणं नको, असं म्हणायची. रस्त्यानं जाणारे खिडकीशी थांबून विचारायचे, आज किती गाल उरला? गेंचो फेसभरल्या तोंडानं शिवी हासडायचा आणि त्या नादात आणखी एकदा कापून घ्यायचा.

पण हट्टाला पेटलेला माणूस शेवटी शिकतोच. द्राक्षं उतरवून झाली तोवर गेंचोचा हात बसला होता. खुंट कापताना वस्तरा बारीक खरखरतो, तो आवाज त्याला कळू लागला. खरखर एकसारखी आली की हात बरोबर, अडखळली की चूक. एका सकाळी रक्ताचा टिपूस न काढता त्यानं आख्खी दाढी उतरवली आणि दोनाचा हात धरून स्वतःच्या गालावर फिरवला. ती हसली नाही, आणि हे तिच्याकडून पुष्कळ होतं.

आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत त्याला हे मनापासून हवंसं झालं होतं. भावावर माया आली म्हणून नाही, माया-बिया गेली चुलीत. सगळ्या गावासमोर रांगेलनं मान मागे टाकावी, आणि आपण ती एक ओरखडा न काढता परत द्यावी. म्हणजे सगळ्यांची थोबाडं बंद होतील.

लग्नाचा रविवार उजाडला. अंगणात खुर्ची मांडली, ढोल लागला, पोरींनी गाणं धरलं. गेंचो धुतलेला सदरा घालून वस्तरा हातात घेऊन उभा. आदल्या संध्याकाळपर्यंत रांगेलची आठवड्याची दाढी सगळ्यांनी पाहिली होती. पण आता तो घरातून बाहेर आला तो फेस लावूनच, पार डोळ्यांपर्यंत. मित्रानं आत लावून दिला, वेळ वाचावा म्हणून, असं कुणीतरी बोललं. गेंचोला ते खटकलं, पण बोलायची वेळ नव्हती. रांगेल बसला आणि भावाकडे न बघता त्यानं मान मागे टाकली. म्हातारी नेदा समोरच उभी होती, दोन्ही हात छातीशी धरून.

दोन करवल्यांनी पांढरा रुमाल हनुवटीखाली ताणून धरला. नवरदेवाचे केस त्यात गोळा करायचे आणि आईला द्यायचे, ही आमची रीत. आई तो रुमाल पेटीत जपते आणि मेल्यावर सोबत नेते.

गेंचोनं पहिला हात ओढला. आवाज आला नाही. ढोलामुळे असेल असं त्याला वाटलं. त्यानं अंगठ्यानं गाल ताणला, दुसरा हात ओढला, आणि अंगठा तिथंच थबकला. फेसाखाली गाल तुळतुळीत होता. त्यानं दुसरा गाल चाचपला, तोही तसाच. जबड्याखालचा फेस मात्र गुलाबी होऊ लागला होता. घाईघाईत कापलेली ताजी चीर होती ती, पातं घालून दाढी करायच्या नव्या यंत्राची. वस्तरा अजून तिथं पोचलाही नव्हता.

गेंचो वाकला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "तू दाढी करून आलायस."

रांगेल ओठ न हलवता म्हणाला, "फेस तेवढा वरवर काढ. आज माझं लग्न आहे. मयत नाही."

कोयत्याच्या दिवशी गेंचोच्या मनात काय होतं हे देव जाणे. पण ह्या क्षणी, वस्तरा गळ्यावर असताना, त्याला खरोखरच तो आत दाबावासा वाटला. मग तो नुसता फेस उतरवत राहिला. कापायला काही नसताना शिकलेला एकेक हात त्यानं ओढला. जबड्याखालचा फेस निघाला तशी रक्ताची धार मानेवरून गळपट्टीत उतरली, आणि गाणं थांबलं.

"कापलंच," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "मी म्हटलं नव्हतं?"

म्हातारी नेदा तरातरा पुढे आली. तिनं गेंचोच्या खाडकन मुस्काटात मारली. आजचा एक दिवस तुला धीर धरवला नाही का, असं ती म्हणाली. गेंचोनं करवल्यांच्या हातातून रुमाल घेतला आणि आईच्या हातात दिला.

तिनं रुमालात बोटं घातली. फेस चोळून पाहिला, पुन्हा चोळला, पार चारही कोपऱ्यांपर्यंत. एक केस हाताला लागला नाही. तिनं खुर्चीतल्या पोराकडे पाहिलं, तर तो खाली मान घालून रक्त पुसत होता. मग ती गेंचोकडे वळली. आता आई बोलेल म्हणून गेंचो वाट बघत राहिला. गालावर तिची बोटं उठली होती.

नवरीकडची माणसं फाटकाशी येऊन थांबली होती. नेदानं रुमालाची घडी केली.

"दाट आहेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "बापासारखे. वाजवा रे ढोल."

ढोल वाजला. लोकांनी रांगेलला उचललं, नाचवलं, रकियाचे, घरच्या कडक दारूचे, पेले फिरले. गेंचोला कुणी पेला दिला नाही. भावाच्या लग्नातसुद्धा ह्याचा हात आवरला नाही, ही गोष्ट जेवणाच्या आतच फाटकाबाहेर गेली आणि गावात आजही तशीच सांगतात.

सोमवारी सकाळी गेंचो मळ्याकडे निघाला. आईच्या अंगणावरून जाताना त्यानं पाहिलं, दोरीवर लग्नात टेबलांवर अंथरलेली कापडं वाळत होती, आणि त्यांच्यात तो पांढरा रुमालही होता, धुऊन पिळलेला.