मामांची तिजोरी

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात झाला नाही. झालाच असेल, तर तो घराबाहेर पडला नसणार, म्हणून आपल्याला ठाऊक नाही. मामा कालव्यावर सरकारी नोकरी करून निवृत्त झाले होते आणि लासुर्ण्याला मळ्यात राहत होते. आयुष्यभर पाण्याशी गाठ, पण कालव्याच्या कडेनं जाताना ते कायम शेताच्या बाजूनं चालत. एसटीत बसायचं ते मधल्या बाकावर. पुढं बसलं तर समोरचा ट्रक आदळतो आणि मागं बसलं तर मागचा, अशी त्यांची खात्री. शेजाऱ्यांकडं त्यांच्यासाठी फोन आला, तर रिसीव्हर कानाला लावून पहिला शब्द 'हॅलो' नसे, 'कोण गेलं?' असे. एकदा मी नुसतं दिवाळीला येतोय म्हणून कळवायला फोन केला, तर मामांचा चेहरा बघून तिकडं मामींनी रडायला सुरुवात केलेली मला ऐकू आली. कुलूप लावलं की ते दोन्ही हातांनी त्याला लोंबकळून बघत. मामी म्हणायच्या, "चोर कुठला येतोय हितं! कडीकोयंडा तीनदा तुटला, तिन्ही बारीला ह्यांनीच तोडला."

पण मामांची खरी भीती कागदांची. सोनंनाणं घरात बेताचंच होतं, त्याची त्यांना फिकीर नव्हती. सातबारा, दाखले, मार्कलिस्टं, अगदी रद्द झालेलं रेशनकार्डसुद्धा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, सुतळीनं बांधून लोखंडी कपाटात ठेवलं होतं. एका उन्हाळ्यात जवळच्या कळस गावात कुणाचं तरी घर जळाल्याची बातमी आली. माणसं सुखरूप होती, तरी मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी इंदापूरला माझ्या दारात उभे राहिले. मी तिथं शाळेत शिकवत होतो आणि माझ्याकडं स्कूटर होती. या दुसऱ्या गुणामुळं सासरच्या माणसांत मला बराच मान होता.

"जावईबापू, चोरानं नेल्यालं कवातरी घावतं तरी. जळल्यालं कोण आणून देतंय? बारामतीत एका शेठजीचं दुकान बंद हुतंय, जुनी तिजोरी काढलीया इकायला. आगीला दाद देत न्हाय म्हणं."

मी बँकेत लॉकर घ्यायचं सुचवलं. मामांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "ब्यांकेला सुट्टी आसती. आन संकट सुट्टीदिवशीच येतंय."

ती तिजोरी पाहून मीसुद्धा जरा घाबरलो. काळी, माणसाच्या छातीइतकी उंच, दार वीतभर जाड, आणि किल्लीच्या भोकावर झाकण म्हणून पितळी सिंहाचं तोंड. सहा हमालांनी ती ट्रॉलीत चढवली. ट्रॅक्टर उलटेल या धास्तीनं मामांनी तो इतका हळू चालवायला लावला, की कडब्याच्या बैलगाड्या आम्हाला मागं टाकून जाऊ लागल्या. स्कूटरवरून मागोमाग येणारे आम्ही दोघं, मामांचा तो चेहरा. एका गाडीवानानं तर अंत्ययात्रा समजून टोपी काढून हात जोडले. घरी आल्यावर कळलं, की तिजोरी दारातून आत जात नाही. मग गवंडी बोलावला, दार काढलं, चौकट काढली, भिंतीच्या चार विटाही काढल्या. घर सुरक्षित करायच्या पायी पुढं दोन दिवस त्या घराला दारच नव्हतं. मामा उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसून राहिले आणि आतून मामींचा आवाज येत होता, "सांगा चोरांना, चौकट बसली की मग या म्हणावं!"

कागद तिजोरीत गेले आणि मामांना नवा उद्योग लागला. दर तासाला किल्ली लावायची, दार उघडायचं, कागद आहेत ना बघायचं, बंद करायचं, आणि बंद झालं का हे बघायला पुन्हा उघडायचं. असं महिना-दीड महिना चाललं. तेवढ्यात त्यांच्या धाकट्या मुलीचा पुण्यात डी.एड.ला नंबर लागला. मूळ कागद घेऊन परवा सकाळी हजर राहा, असं पत्र आलं. मामांनी कागद काढायला किल्ली फिरवली आणि किल्ली मोडली. अर्धी मामांच्या हातात, अर्धी सिंहाच्या तोंडात.

बातमी मिळताच मी स्कूटर काढून गेलो. मामांनी बोलावलेल्या कुलूपवाल्यानं चिमट्यानं आतला तुकडा काढला, उन्हात धरला आणि मान हलवली. "दात पार झिजल्यात. ह्यावरनं दुसरी व्हत न्हाय. गॅसनं दार कापावं लागंल, पर आतलं कागद करपत्याल." करपतील म्हटल्यावर मामा तिजोरीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. पुण्याचं पत्र तिनं घडी करून पुन्हा पाकिटात घातलं. निघता निघता कुलूपवाला म्हणाला, "असल्या तिजोरीला दोन किल्ल्या आसत्यात. मालकाला इचारलं का?"

मामांना मागं बसवून मी बारामती गाठली. शेठजी म्हणाले, "दुसरी किल्ली आमच्या थोरल्या बंधूंकडं, इंदापूरला. वाटणीत तिजोरी मला आली, किल्ली काही त्यांनी दिली नाही. बरीच वर्षं झाली, आमचं बोलणं नाही." तिथून तसेच इंदापूरला. वाटेत मामा एकदाही 'हळू चालवा' म्हणाले नाहीत.

थोरले शेठजी पलंगावर बसून होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी तोंड फिरवलं. "तिजोरी आमच्या वडलांची. विकताना त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. किल्ली मिळणार नाही."

मामा आता काढता पाय घेणार, असं मला वाटलं. ते तिथंच फरशीवर बसले.

"शेठ, माझा बाप मेंढरांमागं फिरला. लई कष्टानं नदीकाठी चार एकर केली. धरणाचं पाणी आलं तवा सामान बैलगाडीत भरलं. मी शिकल्याला, नोकरीवाला, म्हणून कागदाची पेटी बापानं माझ्याकडं दिली. गाडी चिखलात कलंडली, पेटी पाण्यात गेली, कागदाचा लगदा झाला. पुढं आठ वरीस बाप हापिसात सांगत फिरला, सायेब, जिमीन माझी हुती. सायेब म्हणायचा, कागद दाव. जिमीन पाण्यात, कागद पाण्यात, काय दावणार? बाप मला कधी बोलला न्हाय, शेठ. बोलला आसता तर बरं झालं आसतं. आता पोरीचं कागद हायती. त्येबी माझ्याच हातानं गेलं, तर मी तिला तोंड कसं दावू?"

इतक्या वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं. बायकोलाही ठाऊक नव्हतं. थोरल्या शेठजींनी तोंड परत मामांकडं वळवलं. मग त्यांनी सुनेला हाक मारून देवघरातली डबी आणवली आणि किल्ली मामांच्या हातावर ठेवली. "परत आणू नका," ते म्हणाले. आम्ही जिन्यापर्यंत गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "दुकान बंद करतोय म्हणता... तब्येत बरी आहे ना त्याची?"

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हीसुद्धा मोडेल या धास्तीनं मामा किल्ली भोकापर्यंत नेत आणि परत मागं घेत. शेवटी मामींनी ती हिसकावून घेतली आणि पिठाच्या डब्याचं झाकण काढावं तशी तिजोरी उघडली. मुलगी ठरल्या दिवशी पुण्याला गेली. पुढं मास्तरीण झाली.

ही हकीकत इकडं तिकडं पसरली आणि भलतंच झालं. धरणात गाव गेलेली माणसं, वस्तीवरची मेंढपाळ माणसं आपापले कागद घेऊन मामांकडं येऊ लागली. "मामा, एवढं ठिवा तुमच्याकडं." मामा प्रत्येकाचा कागद स्वच्छ पुसून, पिशवीत घालून, वर नाव लिहून ठेवत. आता त्यांना पन्नास घरांची काळजी लागली. आभाळात ढग आला तरी ते तिजोरीपाशी जाऊन बसत. पण मामी सांगायच्या, तेव्हापासून त्यांना झोप मात्र चांगली लागायची.

मामा गेले ते दुपारी जेवून जरा आडवे झाले असताना, ज्या ज्या गोष्टींना ते जन्मभर भ्यायले त्यातली एकही न घडता. तेराव्यानंतर मामींनी किल्ली माझ्याकडं दिली. मी नावं वाचून एकेकाचा कागद परत करत होतो. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी आली. तिच्या पिशवीत घडीवर फाटत आलेला एक दाखला होता, कशाचा ते तिलाही सांगता येईना. तिनं तो घेतला, उलटा धरून पाहिला, कपाळाला लावला.

"व्हय बाबा, दिलास ते बरं केलंस," ती म्हणाली. "पर आता ह्यो ठिवू कुठं?"

तिनं उघड्या तिजोरीकडं पाहिलं, मग कागद पदरात बांधला आणि कालव्याच्या कडेनं वस्तीकडं चालू लागली.