भरल्या गाडीचे दिवे

माझं पहिलं पोस्टिंग डोंगरातल्या एका वर्कशॉपमध्ये होतं. मी लेफ्टनंट. ०६०० ला पीटी, ०८०० ला गाड्यांची तपासणी. पाना मात्र हवालदार जगदाळ्यांच्या हातात. साताऱ्याचे, बावीस वर्षं सर्व्हिस. मी फार बोलत नसे. सह्या करत असे.

त्या वर्षी मी रजेवर भिवंडीजवळ कोनला, घरी आले होते. रजेचा शेवटचा दिवस. १८२० ला पप्पा अंगणात आपल्या टेम्पोसमोर उभे होते. गॅरेजवाल्याने नुकतेच नवे हेडलाइट बसवले होते. आदल्या रात्री कशेळीजवळ समोरून येणारा मोटारसायकलवाला त्या उजेडाने दिपला आणि रस्त्याखाली चिखलात गेला. खरचटण्यावर निभावलं.

"आजची खेप करतो. उद्या टेम्पो इकतो," पप्पा म्हणाले. "माझ्या हातून कोन मरायला नको."

तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

मी म्हटलं, "थांबा. मी बघते."

टेम्पो भिंतीपासून पंचवीस फुटांवर लावला. दिव्याच्या उंचीची रेघ खडूने भिंतीवर मारली. उजेड रेघेच्या खाली, अगदी बरोबर.

शेजारचे काशिनाथकाका ओट्यावरून ओरडले, "लेफ्टनंटबाई, दिवे पास, पप्पा नापास!"

अंगणात जमलेले सगळे हसले. पप्पा हसले नाहीत. मी जगदाळ्यांना फोन लावला.

"दिवे बरोबर आहेत. तरी समोरच्याच्या डोळ्यांत जातात."

"गाडीत माल किती, मॅडम?"

"आत्ता काही नाही."

"आणि काल रात्री?"

मी रिकाम्या हौद्याकडे पाहिलं. आमच्याकडे दिवे रिकाम्या टेम्पोवरच जुळवतात, कापडाचे तागे नंतर गोडाउनवर चढतात. माल चढला की मागची बाजू बसते, तोंड वर होतं, उजेडही वर जातो. गॅरेजवाला तिथेच चुकला होता. मीही.

"गाडी भरा. मग मोजा."

१९१५ ला पप्पांना निघायचं होतं. काकांच्या बांधकामाच्या सिमेंटच्या गोण्या आम्ही हातोहात चढवल्या. वर माणसं बसली. काकू चढताना म्हणाल्या, "माझं वजन लिवू नको गो कुठं!"

दिवे लावले. उजेड रेघेच्या वर गेला. अख्खं अंगण ओरडलं. पप्पांनी माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. फोन स्पीकरवर.

"किती वर?"

"चार बोटं."

"डावा आधी. फिरवा. आता?"

"दोन."

"अजून."

"रेघेच्या खाली आला!"

"बस. हात काढा. आता उजवा."

गोण्या उतरवून पप्पा १९२० ला निघाले. पाच मिनिटं उशीर. २१४० ला त्यांचा फोन आला.

"कशेळी पार केली. समोरून कोनी डिपर न्हाय मारला."

"आणि टेम्पो?"

"कशाला इकायचा?"

मी फोन ठेवला, दार लावलं आणि खोलीत एकटीच उड्या मारल्या.

सात आठवड्यांनी, ०६४० ला, दरडीखाली अडकलेला ट्रक काढताना जगदाळ्यांनी दोन जवानांना मागे पाठवलं आणि स्वतः ट्रक ओढणाऱ्या विंचपाशी थांबले. उरलेला डोंगर तेव्हा खाली आला.

त्यांचं पार्थिव घेऊन त्यांच्या गावी मी गेले. त्यांच्या पत्नीने विचारलं, "कामात कसे होते हो?" मी टेम्पोची गोष्ट सांगितली. काकूंच्या वजनासकट. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

मग वर बघून म्हणाल्या, "आमची ट्यूबलाइट तेवढी राहिली. या रजेत करतो म्हणाले होते."